खांबावरचा सूर शिकवताना : खो-खोच्या प्रशिक्षकासाठी मानसशास्त्र

आमच्या शाळेच्या मैदानावर आठवीतल्या एका मुलीने मंगळवारच्या सरावात खांबावर दहा सूर मारले आणि त्यांतले नऊ अचूक बसले. शनिवारी तालुक्याच्या सामन्यात तीच मुलगी तीन वेळा खांबापाशी पोहोचली आणि तिन्ही वेळा समोरची खेळाडू तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावरून निसटली. अशा वेळी मैदानाच्या कडेला उभा असलेला शिक्षक बहुधा दोनपैकी एक वाक्य उच्चारतो. ‘पोरीने ऐनवेळी कच खाल्ली,’ हे एक आणि ‘सरावात तर सगळं येत होतं,’ हे दुसरे. मीही बरीच वर्षे हेच म्हणत आलो. पुढे शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात केवळ परीक्षेपुरते वाचलेले मानसशास्त्र पुन्हा नीट वाचायला घेतले, तेव्हा लक्षात आले की चूक त्या दुसऱ्या वाक्यात आहे. सरावात जे दिसते ती त्या वेळची कामगिरी असते. मध्ये काही दिवस गेल्यावर, क्रम बदलल्यावर आणि समोर खरा प्रतिस्पर्धी उभा राहिल्यावर जे उरते, तेवढेच शिकलेले असते. या दोन्हींत तफावत असते, आणि सराव जितका सोपा, एकसुरी व आखीव ठेवावा तितकी ती वाढत जाते.

पुढचे मार्गदर्शन शाळेतील क्रीडाशिक्षकांसाठी आणि गावोगावच्या मंडळांत संध्याकाळी मुलांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकांसाठी आहे. उदाहरण म्हणून मी खो-खोतील एकच कौशल्य घेतो, खांबावरचा सूर. पाठलाग करणारी खेळाडू मध्यपाटीच्या कडेने वेगात येते, खांबाच्या बुंध्याशी पाय रोवते, एका हाताने खांब धरून अंग त्यावर टेकवते आणि पाय मध्यपाटीपलीकडे जाऊ न देता दुसरा हात पलीकडून वळणाऱ्या खेळाडूच्या पाठीवर टाकते. या सेकंदभराच्या कृतीत वेग, तोल, अंदाज, भीती आणि निर्णय असे सगळे एकत्र येते, म्हणूनच मानसशास्त्र कुठे उपयोगी पडते हे दाखवायला तिच्यासारखे उदाहरण नाही.

सर्वांत आधी एक वही करावी आणि तिच्यात सरावाच्या दिवसाचे आकडे लिहू नयेत. आठवड्यातून एकदा, मुलांना पूर्वसूचना न देता, मैदानावर आल्या आल्या अंग तापवून झाले की लगेच प्रत्येकाला खऱ्या पाठलागातून खांबावर दोन-तीन संधी द्याव्यात, आणि किती वेळा गडी बाद झाला एवढेच टिपावे. आदल्या सरावानंतर मध्ये किमान दोन दिवस गेलेले असावेत. ही नोंद सुरुवातीला मन खट्टू करते, कारण सरावात नऊ सूर मारणारी मुले इथे जेमतेम एखादाच मारतात. तरीही हीच नोंद खरी धरून पुढचे सगळे ठरवावे. खाली सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी सरावाच्या दिवशी चुका वाढवतात, आणि ही वही हाताशी नसेल तर शिक्षक घाबरून आठवडाभरातच जुन्या पद्धतीकडे वळतो.

पहिले आठ दिवस : थोडे बोलावे, एकच सांगावे

पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी १९६७ मध्ये कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यात शिकणारा प्रत्येक हालचाल मनातल्या मनात शब्दांत मांडत असतो. दुसऱ्यात चुका कमी होऊन हालचाली एकमेकींना जोडल्या जातात. तिसऱ्यात शरीर आपोआप काम करते आणि लक्ष दुसरीकडे द्यायला मोकळे होते. नव्या मुलाला खांबाकडे धावताना ‘खाली बघू नकोस, डावा पाय पुढे, हात लांब, खांब घट्ट, पाटी ओलांडू नकोस’ असे पाच उपदेश एका दमात केले, तर ते बिचारे तिसऱ्या शब्दाला अडखळते. लक्ष ही मर्यादित पुंजी आहे आणि पहिल्या टप्प्यात ती सगळीच्या सगळी खर्च होत असते. म्हणून एका सरावात एकच सूचना द्यावी, ती चार शब्दांहून मोठी नसावी, आणि ती पुरेशी साधल्याखेरीज दुसरी सांगू नये.

त्या चार शब्दांत काय असावे, याला फार महत्त्व आहे. गाब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये बर्फावरच्या घसरखेळासारख्या डोलणाऱ्या यंत्रावर एक प्रयोग केला. काहींना आपल्या पायांच्या जोराकडे लक्ष द्यायला सांगितले, तर काहींना पायांखालच्या फळीच्या चाकांवर पडणाऱ्या जोराकडे. पाय आणि चाक यांच्यात अंतर असे नव्हतेच, तरी चाकांचा विचार करणारे अधिक चांगले शिकले. त्यानंतर निरनिराळ्या खेळांत असेच निष्कर्ष वारंवार आले आहेत. स्वतःच्या अवयवाकडे लक्ष वळवले की शरीराच्या सहज चाललेल्या कामात मन नको तिथे हात घालते. परिणामाकडे लक्ष ठेवले की शरीर आपली जुळणी आपणच करते. खांबावर याचे रूपांतर अगदी सोपे आहे. ‘हात सरळ कर’ याऐवजी ‘पाठीवरचा नंबर टिप’ म्हणावे. ‘पाय वाक’ याऐवजी ‘खांबाच्या मुळाशी माती दाब’ म्हणावे. ‘अंग झोक’ म्हणण्याऐवजी खांबापलीकडे दोरीला एक रुमाल टांगून ‘रुमाल उडव’ म्हणावे. आमच्याकडे रुमाल टांगला त्या दिवशी, ज्यांचा कोपर महिनाभर वाकत होता त्या मुलांपैकी निम्म्यांचा हात कोणी न सांगता सरळ झाला.

प्रात्यक्षिक दाखवताना शिक्षकाने मुलांकडे तोंड करून उभे राहू नये, कारण तसे केल्यास प्रत्येक मुलाला डावे-उजवे मनात उलटे करावे लागते. मुले ज्या दिशेने धावणार, त्याच दिशेने तोंड करून दाखवावे. शाळेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा सूर एकदा दाखवावा, पण त्याच्यापाठोपाठ नुकते जमू लागलेल्या मुलाचाही दाखवावा. त्याची धडपड पाहताना बघणारी मुले चूक कुठे होते आणि ती कशी सावरली जाते हे स्वतः शोधू लागतात. पारंगत खेळाडूच्या हालचालीत चूकच नसल्यामुळे तिथे शोधायला काही उरत नाही.

भीती

खांब लाकडी असतो, जमीन कडक असते आणि वेगात त्यावर अंग टाकायचे असते. भीती वाटणे हे मुलाच्या शरीराचे योग्य काम आहे, म्हणून ‘घाबरतोस काय, मुलगा आहेस ना’ हे वाक्य मैदानावरून कायमचे हद्दपार करावे. त्या वाक्याने भीती जात नाही, तिच्यात लाजेची भर पडते, आणि पुढच्या वेळी मूल भीती लपवायला शिकते. लपवलेल्या भीतीमुळे दुखापत होण्याची शक्यता मात्र वाढते.

भीती ओळखण्याच्या तीन खुणा मी सांगेन. घाबरलेले मूल शेवटच्या दोन पावलांत वेग तोडते. खांब हातात येण्याआधीच हात पुढे काढते. आणि ऐन सुराच्या क्षणी डोळे मिटते किंवा मान फिरवते. या खुणा दिसल्या की तंत्र सुधारत बसू नये, कारण अशा वेळी तंत्रातली चूक हा भीतीचा परिणाम असतो. ‘वेग तोडू नकोस’ असे शंभरदा ओरडूनही वेग तुटणे थांबत नाही, पण भीती उतरली की तो आपणहून टिकतो.

अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये ‘हे मला जमेल’ या विश्वासाचे चार स्रोत मांडले. स्वतः मिळवलेले यश, आपल्यासारख्याच दुसऱ्याचे पाहिलेले यश, इतरांचे प्रोत्साहनाचे शब्द आणि स्वतःच्या शरीरातली धडधड आपण कशी समजून घेतो, हे ते चार होत. त्यांत सर्वांत बलवान पहिला. शब्दांनी आलेला विश्वास पहिल्या खरचटण्याबरोबर गळून पडतो, तर स्वतः केलेल्या दहा लहान यशांचा विश्वास टिकतो. त्यामुळे शिक्षकाचे खरे कौशल्य पायऱ्या पाडण्यात आहे, आणि त्या इतक्या लहान असाव्यात की प्रत्येकीवर मूल बहुतेक वेळा यशस्वी व्हावे.

मी पाडतो त्या पायऱ्या अशा आहेत. सुरुवातीला धावणे नाहीच. मूल खांबाला खेटून उभे राहते, एका हाताने खांब धरते, बगल व छातीची बाजू खांबाला टेकवते आणि आपले वजन हळूहळू खांबावर सोडते. खांब आपल्याला पेलतो, हे शरीराला कळणे हेच या पायरीचे काम. सव्वा मीटरच्या आसपास उंचीचा तो खांब डोळ्यांना रोज दिसत असला, तरी अंगाला तो अनोळखी असतो. त्यानंतर खांबाभोवती भुसा भरलेली पोती पसरून एका पावलावरून तीच कृती करावी, मग दोन पावलांवरून चालत, मग तीन पावलांवरून हलके धावत. पोती एकदम काढू नयेत. आधी खांबालगतची ठेवून बाजूची काढावीत, नंतर पोत्यांऐवजी भुसभुशीत माती ठेवावी, आणि शेवटी मैदान आहे तसे. समोर पळणारी खेळाडू आणण्याआधी टांगलेला रुमाल, त्यानंतर चालत वळणारी मैत्रीण, आणि सर्वांत शेवटी पूर्ण वेगाने पळणारी. एखाद्या पायरीवर मूल दोनदा थबकले, तर न बोलता एक पायरी मागे यावे आणि तिथल्या यशावर त्या दिवसाचा सराव संपवावा. भीतीच्या शिखरावर असताना सराव सोडून घरी गेलेले मूल तीच भीती मनाशी घट्ट धरून परतते.

ज्या मुलीचा उल्लेख मी सुरुवातीला केला, तिच्या बाबतीत हे सगळे नीट झाले होते. तिचा सूर निर्भय होता. तिचे अडले ते पुढच्या टप्प्यावर, आणि तो दोष माझा होता.

क्रम मोडावा, अंतर बदलावे

मी तिला ओळीने दहा सूर मारायला लावत असे. एकाच खांबावर, एकाच अंतरावरून, एकाच बाजूने. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नापासून तिला विचार करण्याची गरजच उरत नसे. मागच्या प्रयत्नाची आठवण अंगात ताजी असे आणि तीच पुन्हा वापरली जाई. सामन्यात खांब एकदा येतो, मग दोन मिनिटे बैठक, उठून दिशा घेणे, खो देणे, पुन्हा धावणे, आणि मग अचानक दुसऱ्या खांबावर दुसऱ्या हाताने सूर. तिथे मागची आठवण ताजी नसते, कृती नव्याने उभी करावी लागते. आणि ती नव्याने उभी करण्याचा सराव मी तिला कधी दिलाच नव्हता.

जॉन शीया आणि रॉबिन मॉर्गन यांनी १९७९ मध्ये नेमके हेच तपासले. हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली एका गटाने ओळीने, एक संपवून दुसरी अशा शिकल्या. दुसऱ्या गटाने त्या उलटसुलट क्रमाने शिकल्या. सराव चालू असताना ओळीने शिकणारे पुढे होते. दहा दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा उलटसुलट शिकलेले पुढे निघाले. पुढे १९८६ मध्ये बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिसवर असाच प्रयोग झाला आणि मिसळून सराव केलेल्या खेळाडूंना कोर्टाच्या दुसऱ्या बाजूनेही सर्व्हिस अधिक चांगली साधली. एक सावधगिरी मात्र इथे सांगायलाच हवी. प्रयोगशाळेइतका ठळक फरक प्रत्यक्ष मैदानावर, विशेषतः लहान आणि अगदी नवख्या मुलांत, नेहमी दिसत नाही. म्हणून कृतीचा ढोबळ आकार अंगात येईपर्यंत थोडा ओळीचा सराव द्यावा आणि तो आला की लगेच क्रम मोडावा. महिनोन्‌महिने ओळीतच ठेवू नये.

अंतराचेही तेच. १९७८ मध्ये रॉबर्ट केर आणि बर्नार्ड बूथ यांनी आठ वर्षांच्या मुलांना बियांची पिशवी लक्ष्यावर टाकायला शिकवले. एक गट नेहमी तीन फुटांवरून टाकत होता, दुसरा दोन आणि चार फुटांवरून. परीक्षा तीन फुटांवरून झाली, आणि त्या अंतराचा सराव न केलेला दुसरा गट अधिक अचूक ठरला. दोन अंतरांमधून मुलांना जोर आणि अंतर यांचे नाते उमगले, असा त्याचा अर्थ लावला जातो. निकोलाय बर्नस्टाईन यांनी त्याच्याही खूप आधी, १९२० च्या दशकात मॉस्कोत, हातोडा मारणाऱ्या निष्णात कामगारांच्या हालचालींचे चित्रण केले होते. हातोडा दरवेळी छिन्नीच्या डोक्यावरच बसत होता, पण खांदा, कोपर आणि मनगट यांची जुळणी मात्र प्रत्येक घावाला थोडी वेगळी होती. निष्णात माणसाचे शरीर तीच हालचाल घोकत नाही, तोच प्रश्न दरवेळी नव्याने सोडवते.

म्हणून चाळीस मिनिटांच्या सरावात खांबाला सलग पंधरा मिनिटे देण्याऐवजी तो तीन-चार वेळा, मध्ये दुसरे काही घालून आणावा. एकदा डाव्या खांबावर, एकदा उजव्या. एकदा पहिल्या चौकोनातून उठून, एकदा तिसऱ्या चौकोनातून. एकदा पळणारी खेळाडू खांबाला चिकटून वळते आहे, एकदा लांबून. दोन सुरांच्या मध्ये झटपट खो द्यावा, बैठकीतून उठायला लावावे, बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी, म्हणजे एकेरी साखळीत, पळायला लावावे. मातीवर खेळणाऱ्या संघांना आता मोठ्या स्पर्धांत मॅटवर उतरावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेला पहिला विश्वचषकही मॅटवरच खेळला गेला. पाय रोवण्याची पकड मॅटवर बदलते, म्हणून मॅट मिळत नसेल तरी निदान ओली माती, कोरडी माती, बूट घालून आणि अनवाणी असे फरक सरावात आणावेत.

सराव विभागून द्यावा, हे तर आपल्याकडच्या तालमींनाही ठाऊक होते. मानसशास्त्राने त्यात एक महत्त्वाची भर घातली. ॲलन बॅडले आणि लाँगमन यांनी १९७८ मध्ये ब्रिटनच्या टपाल कर्मचाऱ्यांना कळफलक शिकवताना चार वेळापत्रके वापरली. रोज एकच तास शिकणारा गट कमीत कमी तासांत शिकला, पण आपल्या प्रशिक्षणाबद्दल सर्वांत असमाधानी तोच होता. दिवसाला चार तास शिकणारे अधिक खूश होते आणि त्यांना मात्र जास्त तास लागले. स्पर्धेआधी आठ दिवस रोज चार तासांचे शिबिर लावणाऱ्या प्रत्येक शाळेने हे ध्यानात घ्यावे. शिबिराने मुलांना आणि पालकांना खूप शिकल्याचे समाधान मिळते, आणि त्या समाधानावर विसंबूनच आपण चुकीचे वेळापत्रक वर्षानुवर्षे चालवतो.

हुलकावणीला पाठलाग करणारी का फसते

खांबापाशी चांगली संरक्षक, म्हणजे पळणारी खेळाडू, खांद्याने एका बाजूला वळल्यासारखे करते आणि तत्क्षणी दुसऱ्या बाजूला निघते. पाठलाग करणारीला दुसरी हालचाल दिसलेली असते, तरीही तिचे शरीर पहिल्याच बाजूला जाते, आणि शिक्षक बाहेरून ओरडतो, ‘डोळे उघडे ठेव!’ डोळे उघडेच असतात. एका संकेताला दिलेला प्रतिसाद मनात तयार होत असताना दशांश सेकंदाच्या आसपास दुसरा संकेत आला, तर पहिल्याचे काम उरकेपर्यंत दुसऱ्याला थांबून राहावे लागते. चार्ल्स टेलफर्ड यांनी १९३१ मध्ये हा विलंब दाखवून दिला. हुलकावणी हा या विलंबाचाच वापर आहे, आणि ती जमणाऱ्या मुली हे शास्त्र न वाचताही त्याची वेळ अचूक पकडतात. संरक्षण शिकवताना म्हणून पहिली आणि दुसरी हालचाल यांतले अंतर फार लांबू देऊ नये. ते लांबले की पाठलाग करणारीला सावरायला वेळ मिळतो.

पाठलाग करणारीसाठी उपाय वेगळा आहे. विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये दाखवले की पर्याय जितके अधिक, तितका प्रतिसादाला लागणारा वेळ वाढतो. त्यामुळे तिच्यासमोरचे पर्याय आधीच कमी करावेत. खांद्यावर नजर न ठेवता कमरेवर ठेवायला शिकवावे, कारण खांदा फसवतो पण वजन कमरेबरोबर जाते. समोरच्या संघाची कोणती खेळाडू खांबाला कोणत्या बाजूने वळते, हे बैठकीत बसलेल्या आठही जणींनी पाहावे आणि आपापसांत सांगावे. एक शक्यता बाद झाली तरी खांबापाशी पुरेसा वेळ हाती लागतो.

काय आणि केव्हा सांगावे

निकाल कळल्याखेरीज नुसत्या पुनरावृत्तीने माणूस शिकत नाही, हे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी लोकांना डोळे मिटून ठरावीक लांबीच्या रेषा काढायला लावून दाखवले होते. हजारो रेषांनंतरही सुधारणा झाली नाही. यावरून पुष्कळ शिक्षक प्रत्येक प्रयत्नानंतर बोलायला लागले, आणि तिथे दुसरी चूक झाली. कॅरोली विन्स्टाईन आणि रिचर्ड श्मिट यांच्या १९९० च्या प्रयोगांत दर प्रयत्नानंतर माहिती मिळणाऱ्यांपेक्षा निम्म्या प्रयत्नांनंतर, आणि तीही हळूहळू विरळ करत दिलेल्या लोकांनी नंतरच्या परीक्षेत अधिक चांगली कामगिरी केली. सतत सांगणारा शिक्षक म्हणजे कुबडी होय. चालता येते असे वाटते, पण कुबडी काढताच तोल जातो.

माझा शिरस्ता असा आहे. सूर झाल्यावर पाच सेकंद मी काहीच बोलत नाही. मूल उठते, हाताची माती झटकते, आणि त्या पाच सेकंदांत त्याच्या अंगाला काय वाटले ते त्याचे त्याला ऐकू येते. मग विचारतो, ‘कसा झाला?’ बहुतेक वेळा उत्तर बरोबर असते आणि मला सांगण्यासारखे काही उरत नाही. उत्तर चुकले तरच एक वाक्य बोलतो. मुलांना स्वतःहून विचारण्याची मोकळीक दिली, तर ती बहुधा चांगल्या प्रयत्नानंतर विचारतात असे आढळले आहे. आपण मात्र चुकल्यावरच तोंड उघडतो. बरोबर झालेल्या सुरानंतर ‘आता पाय खांबाच्या किती जवळ होता?’ असे विचारले, तर ते बरोबर का झाले हे मुलाच्या स्मरणात राहते.

रागावण्याविषयी एक गोष्ट इथे सांगणे भाग आहे, कारण आपल्या मैदानांवर तिच्यामुळे फार मुले खेळ सोडतात. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन इस्राएलच्या हवाई दलातील प्रशिक्षकांना शिकवत असताना एका अनुभवी प्रशिक्षकाने त्यांना सुनावले की कौतुक केले की वैमानिकाची पुढची कसरत बिघडते आणि झापले की सुधारते. निरीक्षण खरे होते, निष्कर्ष चुकीचा होता. फार चांगल्या प्रयत्नानंतरचा प्रयत्न बहुधा सरासरीकडे घसरतो आणि फार वाईट प्रयत्नानंतरचा सरासरीकडे चढतो. शिक्षक काही बोलला नसता तरी हेच झाले असते. मैदान अशा रीतीने आपल्याला रोज खोटा धडा देते. ओरडण्याचे फळ लगेच दिसते, कौतुकाची शिक्षाही लगेच दिसते, आणि वीस वर्षे शिकवणारा शिक्षक अनुभवाच्या जोरावर कठोर होत जातो. ज्याला शंका असेल त्याने एक महिना वाईट सुरानंतर मुद्दाम गप्प राहून पाहावे.

बक्षिसांबद्दल थोडेच लिहितो. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांना दिसले की चित्रे काढायची मुळात आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना आधी कबूल करून बक्षीस दिले, तर पुढे ती आपणहून कमी चित्रे काढतात. जे मूल आनंदाने मैदानावर येते, त्याला हजेरीसाठी चॉकलेट देऊ नये.

सामन्याचा दिवस

प्रेक्षक समोर असले की मनाची उत्तेजना वाढते, आणि रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये मांडल्याप्रमाणे त्या उत्तेजनेत जी कृती अंगात सर्वांत पक्की असते तीच पुढे येते. कौशल्य मुरलेले असेल तर गर्दी त्याला धार आणते. अर्धवट असेल तर गर्दीत अर्धवटपणाच बाहेर पडतो. त्यामुळे नुकता शिकवलेला प्रकार सामन्यात वापरायला सांगू नये, आणि सरावात मात्र अधूनमधून प्रेक्षक आणावेत. दुसऱ्या वर्गाला मैदानाकडेला बसवावे, घड्याळ लावावे, शिट्टी बाहेरच्या माणसाच्या हाती द्यावी, आणि शेवटचा एक मिनिट राहिला असे जाहीर करावे. सरावात ज्या दडपणाची ओळख झाली, ते सामन्यात नवे वाटत नाही.

दडपणाखाली होणाऱ्या चुकीचे दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. मास्टर्स यांनी १९९२ मध्ये गोल्फच्या छोट्या फटक्यावर दाखवले की नियम सविस्तर शिकवलेले लोक दडपणाखाली डगमगले, तर मन दुसऱ्या कामात गुंतवून, नियम न ऐकता शिकलेल्यांची सुधारणा दडपणातही चालू राहिली. ताण आला की माणूस आठवतील तेवढे नियम गोळा करतो आणि आपोआप होणारी हालचाल पुन्हा पायरीपायरीने करू पाहतो. रुमालाची आणि पाठीवरच्या नंबरची सूचना म्हणूनच पहिल्या आठवड्यापुरती नसते. सामन्याच्या दिवशी तीच आधार देते, कारण तिच्यात हात-पाय यांचा उल्लेखच नाही.

त्या मुलीला पुढच्या स्पर्धेत मी बैठकीला जाण्याआधी काहीही शिकवले नाही. धडधडते आहे असे ती म्हणाली. धडधड म्हणजे पायांना रक्त पोहोचते आहे, एवढेच तिला सांगितले, आणि समोरच्या संघातली सात नंबरची खेळाडू खांबाला नेहमी उजवीकडून वळते हे तिला आधीच ठाऊक होते. दुसऱ्या डावात तिने त्या सात नंबरला खांबावर बाद केले. एका सुरावरून काही सिद्ध होत नाही, म्हणून मी तो आकडा वहीत लिहिला नाही. वहीतली तिची नोंद पुढच्या गुरुवारची आहे, पूर्वसूचनेशिवाय घेतलेली, आणि ती तीनपैकी दोन आहे.